नगरपरिषद न सोडणारे खासदार: फ्रान्समधील पदसंचयाचा अर्थ

राजकीय पुढाऱ्याचे चरित्र सांगण्याची एक ठरावीक रीत आहे. आधी नगरपरिषदेचे सदस्यत्व, मग महापौरपद, मग संसद आणि योग जुळून आले तर मंत्रिपद, अशा क्रमाने माणूस वर चढत जातो. प्रत्येक पद आधीच्या पदापेक्षा मोठे मानले जाते आणि नवे पद हाती आले की जुने मागे पडते, असे त्यात गृहीत धरलेले असते. फ्रेंच पुढाऱ्यांची चरित्रेही याच साच्यात बसवली जातात. स्थानिक परिषद म्हणजे लोकशाहीची प्राथमिक शाळा आणि संसद म्हणजे तिथे उत्तीर्ण झालेल्यांना मिळणारा वरचा वर्ग, ही समजूत त्यामागे असते. चरित्रलेखनाला ती सोयीची आहे, परंतु फ्रान्सपुरती तरी ती उथळ आहे, कारण तिथल्या कारकिर्दींचा सर्वांत ठळक विशेष तिच्यात बसतच नाही: संसदेत पोहोचलेला माणूस आपली नगरपरिषद सोडत नसे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, फ्रान्समध्ये स्थानिक पद ही संसदेकडे नेणारी पायरी नव्हती, तर संसदेतील जागेला वजन देणारी ती स्वतंत्र सत्ता होती; म्हणूनच खालून आलेले तिला धरून राहत आणि वरून आलेले ती मिळवल्याशिवाय स्वस्थ बसत नसत. एकाच व्यक्तीने स्थानिक आणि राष्ट्रीय अशी अनेक निर्वाचित पदे एकाच वेळी भूषवण्याच्या या प्रथेला येथे ‘पदसंचय’ म्हटले आहे. 2014 च्या कायद्याने या प्रथेचा गाभा काढून टाकला. ती बंद करण्यास सबळ कारणे होती, हे नाकारता येत नाही. परंतु ती कोणते काम करत होती याचा पुरेसा विचार न करता ती बंद केली गेली आणि ते काम पुढे कोणी करायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

1. प्रथेचे मूळ: केंद्रित राज्यव्यवस्था

पदसंचयाला फ्रेंच पुढाऱ्यांच्या हावरेपणाचे फळ मानणे सोपे आहे आणि फ्रान्समध्येही तसे मानणारे पुष्कळ आहेत. पण हाव सर्व देशांत सारखीच असते, तिला मिळणारे वळण मात्र राज्याची रचना ठरवते. नेपोलियनने 1800 मध्ये प्रत्येक देपार्तमाँवर, म्हणजे आकाराने आपल्याकडील जिल्ह्याच्या जवळ जाणाऱ्या प्रशासकीय विभागावर, पॅरिसहून नेमलेला प्रीफेक्ट बसवला आणि पुढची पावणेदोनशेहून अधिक वर्षे हा अधिकारी फ्रेंच स्थानिक जीवनाच्या मध्यभागी राहिला. 1884 च्या नगरपालिका कायद्याने कम्यूनला, म्हणजे खेड्यापासून महानगरापर्यंत सर्वांना सारख्याच लागू असलेल्या पायाभूत घटकाला, निवडून आलेली परिषद आणि त्या परिषदेने निवडलेला महापौर दिला. पॅरिसला मात्र त्यासाठी 1977 पर्यंत थांबावे लागले. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवताना हा महापौर राज्याचा प्रतिनिधी असतो आणि रस्ता किंवा शाळा बांधताना आपल्या कम्यूनचा प्रमुख असतो. अशा कम्यूनची संख्या आजही सुमारे 35,000 आहे आणि त्यांच्या परिषदांवर सुमारे पाच लाख सदस्य निवडून जातात.

एवढ्या असंख्य आणि बहुतांशी चिमुकल्या घटकांकडे स्वतःचे अभियंते नव्हते, पुरेसा पैसा नव्हता आणि 1982 पर्यंत त्यांच्या महत्त्वाच्या निर्णयांवर प्रीफेक्टची पूर्वदेखरेख होती. देपार्तमाँच्या निर्वाचित मंडळाला, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेची आठवण करून देणाऱ्या जनरल कौन्सिलला, स्वतःचा कार्यकारी प्रमुखही नव्हता. तिचे ठराव अमलात आणण्याचे काम प्रीफेक्टच करी. कागदावर पाहता ही वरून खाली उतरणारी आज्ञेची साखळी होती. प्रत्यक्षात ती तशी चालत नव्हती, हे 1960 आणि 1970 च्या दशकांत फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. झाँ-पिएर वर्म्स यांनी 1966 मध्ये प्रीफेक्ट आणि स्थानिक मान्यवर यांच्यातील परस्परावलंबन उलगडले: मान्यवराला प्रीफेक्टची संमती हवी असते आणि आपला प्रदेश शांत ठेवण्यासाठी, पॅरिसचे आदेश पचनी पाडण्यासाठी प्रीफेक्टला मान्यवराची साथ हवी असते. मिशेल क्रोझिए आणि झाँ-क्लोद तोनिग यांनी 1975 च्या सुमारास याच निरीक्षणाला व्यापक रूप दिले. त्यांच्या मते या व्यवस्थेत प्रत्येक अधिकाऱ्यावरील खरा वचक त्याच्या वरिष्ठाचा नसून दुसऱ्याच साखळीतील कोणाचा तरी असतो, म्हणजे प्रशासनावर लोकप्रतिनिधीचा आणि लोकप्रतिनिधीवर प्रशासनाचा.

या व्यवस्थेत संसद सदस्य असलेल्या महापौराचे स्थान कोणते, हे आता स्पष्ट होते. सामान्य महापौराला प्रीफेक्टच्या दारात थांबावे लागे. संसद सदस्य असलेला महापौर प्रीफेक्टला वळसा घालून थेट मंत्रालयात जाऊ शके आणि हे प्रीफेक्टलाही ठाऊक असल्यामुळे अनेकदा जाण्याची वेळच येत नसे. दोन पदे एकत्र आली की त्यांची नुसती बेरीज होत नसे. प्रत्येक पद दुसऱ्याचे मोल वाढवत असे. अर्थात, पदसंचय हा केंद्रीकरणाचा अपवाद नसून त्याचीच निर्मिती होता, कारण जिथे सर्व वाटा पॅरिसकडे जातात तिथे पॅरिसमध्ये स्वतः बसलेला महापौर हाच समर्थ महापौर ठरतो.

यात सिनेटची भर पडते. फ्रान्सच्या या वरिष्ठ सभागृहाचे 348 सदस्य थेट जनतेकडून निवडले जात नाहीत. त्यांना निवडणाऱ्या सुमारे 1,62,000 मतदारांपैकी जवळपास 95 टक्के नगरपरिषदांचे प्रतिनिधी असतात. तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या प्रारंभी लेआँ गांबेता यांनी सिनेटला कम्यूनांची महापरिषद म्हटले होते आणि ते वर्णन आजही लागू पडते. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारालाही 500 निर्वाचित प्रतिनिधींचे अनुमोदन गोळा करावे लागते, ज्यांत बहुसंख्य लहान गावांचे महापौरच असतात. फ्रेंच प्रजासत्ताकाची शिखरे अशा रीतीने नगरपरिषदांवर टेकलेली असताना त्या परिषदांना केवळ प्राथमिक शाळा मानणे, हे घटनात्मक रचनेकडे डोळेझाक करणे आहे.

2. खालून आलेला: झाँ-मार्क एरो

पायरीपायरीने वर चढण्याच्या, म्हणजे जिन्याच्या, समजुतीला सर्वाधिक अनुकूल वाटणारे उदाहरण घेऊनच ती तपासणे न्याय्य ठरेल. झाँ-मार्क एरो यांचा जन्म 1950 मध्ये पश्चिम फ्रान्समधील मोलेव्रिए या गावी एका श्रमिक कुटुंबात झाला. उच्च प्रशासकीय अधिकारी घडवणाऱ्या पॅरिसच्या राष्ट्रीय प्रशासन विद्यालयाशी, ज्याला त्याच्या आद्याक्षरांवरून ‘एना’ म्हणत, त्यांचा संबंध नव्हता. ते जर्मन भाषेचे शिक्षक होते आणि कॅथलिक ग्रामीण युवक चळवळीतून समाजवादी पक्षात आले होते. 1976 मध्ये ते ल्वार-अत्लांतिक देपार्तमाँच्या जनरल कौन्सिलवर निवडून आले. 1977 च्या नगरपालिका निवडणुकांत डाव्या आघाडीने फ्रान्समधील बहुसंख्य मोठी शहरे जिंकली आणि परंपरेने कॅथलिक व उजवा मानला जाणारा पश्चिम भागही त्या लाटेत हलला. त्या वर्षी एरो वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी नाँत शहराला लागून असलेल्या सँ-एर्ब्लँ या उपनगराचे महापौर झाले. 1986 मध्ये ते नॅशनल असेंब्लीत, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, पोहोचले, 1989 मध्ये नाँतचे महापौर झाले, 1997 पासून 15 वर्षे समाजवादी संसदीय गटाचे अध्यक्ष राहिले आणि 2012 मध्ये, त्यापूर्वी कधीही मंत्री नसताना, थेट पंतप्रधान झाले.

तारखांची ही यादी वरवर पाहता चढत जाणारीच दिसते. पण तिच्यातील तीन गोष्टी त्या चित्राला छेद देतात. पहिली गोष्ट 1986 च्या प्रवेशाची. त्या वर्षी, आणि पाचव्या प्रजासत्ताकात केवळ त्याच वर्षी, नॅशनल असेंब्लीची निवडणूक देपार्तमाँनिहाय यादीपद्धतीने, मतांच्या प्रमाणात जागा देऊन झाली. म्हणजे एरो यांना प्रथम संसदेत नेणारा एखादा मतदारसंघ नव्हता, तर पक्षाच्या यादीतील स्थान होते. आणि अशा यादीत वरचे स्थान मिळवताना स्थानिक पक्षशाखेत महापौराचे जे वजन असते ते दहा वर्षांच्या निव्वळ कार्यकर्त्याचे नसते. महापौरपद येथे अनुभवाचा दाखला म्हणून नव्हे, तर वाटाघाटीतले बळ म्हणून उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट 1989 ची. जिन्याच्या तर्कानुसार खासदार झालेल्या माणसाने तीन वर्षांनी पुन्हा नगरपालिकेची निवडणूक लढवणे म्हणजे खाली उतरणे. एरो यांनी मात्र नाँतसारखे मोठे शहर घेतले आणि 2012 पर्यंत, सलग चार निवडणुका पहिल्याच फेरीत जिंकून, ते सोडले नाही. त्यांची राष्ट्रीय ओळख घडली ती संसदेतील भाषणांपेक्षा या शहराच्या बदलामुळे. 1987 मध्ये जहाजबांधणीचा अखेरचा मोठा कारखाना बंद पडल्यानंतर खिन्न झालेले हे बंदराचे शहर ट्राममार्गांचा विस्तार, ल्वार नदीतील बेटाचा पुनर्विकास आणि रस्त्यावर उतरलेली नाट्य व कला यांसाठी ओळखले जाऊ लागले; गुलामांच्या व्यापारातील आपल्या वाट्याची कबुली देणारे स्मारकही त्याने 2012 मध्ये उभे केले. (नाँतची आधुनिक ट्राम 1985 मध्ये सुरू झाली आणि तिची पायाभरणी करणारे आधीचे समाजवादी महापौर आलाँ शेनार 1983 मध्ये पराभूत झाले होते, ही नोंद श्रेयाच्या वाटपासाठी आवश्यक आहे. शहराच्या कायापालटाचे श्रेय एका नावावर जमा करण्याची सवय फ्रेंच महापौरांनाही आहे.)

तिसरी गोष्ट कायद्याच्या नजरेतून निसटणाऱ्या पदाची. 1985 च्या कायद्याने प्रमुख निर्वाचित पदांपैकी एकाच वेळी जास्तीत जास्त दोन ठेवण्याची मर्यादा घातली होती आणि खासदारकी व महापौरपद ही दोन्ही तिच्या आत बसत. मात्र अनेक कम्यूनांनी मिळून स्थापलेल्या महानगर संस्थेचे अध्यक्षपद त्या मोजणीत धरलेच जात नसे. नाँत महानगर क्षेत्राचे अध्यक्षपदही एरो यांच्याकडेच होते. वाहतूक, पाणी, कचरा आणि शहरनियोजन यांचा मोठा भाग हळूहळू अशा संस्थांकडे गेला असल्यामुळे, खरी सत्ता नेमकी त्या खुर्चीत साचत होती जी कायदा मोजत नव्हता.

या तीन गोष्टी एकत्र पाहिल्यास एरो यांची कारकीर्द चढण्याची न दिसता पसरण्याची दिसते: परिषद, उपनगर, संसद, शहर, महानगर, संसदीय गट, आणि यांपैकी प्रत्येक जागा दुसरीला आधार देणारी. या पसरण्याची किंमतही त्यांच्याच बाबतीत दिसली. नाँतजवळील नोत्र-दाम-दे-लाँद येथील विमानतळाचा प्रकल्प त्यांनी महापौर म्हणून उचलून धरला होता. ते पंतप्रधान झाल्यावर 2012 च्या शरद ऋतूत तेथील आंदोलकांना हटवण्याची पोलिसी मोहीम झाली आणि एका शहराचा हट्ट देशाच्या सरकारच्या प्रतिष्ठेचा विषय बनला. हा प्रकल्प अखेर जानेवारी 2018 मध्ये एदुआर फिलिप यांच्या सरकारने सोडून दिला, जे स्वतः पंतप्रधान होण्यापूर्वी दुसऱ्या एका बंदराचे महापौर होते.

3. वरून उतरलेला: जाक शिराक

जिन्याची समजूत खरी असती तर प्रवास एकाच दिशेने झाला असता. जाक शिराक यांची सुरुवात नेमकी उलट टोकाकडून झाली. पॅरिसमध्ये जन्मलेले, एनामधून बाहेर पडलेले आणि 1962 पासून पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू यांच्या कार्यालयात काम करणारे शिराक 1965 मध्ये कोरेझ देपार्तमाँमधील सँत-फेरेओल या आपल्या कुटुंबाच्या मूळ गावी नगरपरिषदेवर निवडून आले. सत्तेच्या केंद्रात रोज वावरणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला खेड्याच्या परिषदेतून शिकण्यासारखे काय होते, हा प्रश्न जिन्याच्या समजुतीला अडचणीचा आहे. उत्तर असे की, शिक्षण हा हेतूच नव्हता. हेतू मुळे धरण्याचा होता. 1967 मध्ये डावीकडे झुकलेल्या उसेल मतदारसंघातून ते खासदार झाले, 1968 मध्ये जनरल कौन्सिलवर गेले, 1970 मध्ये तिचे अध्यक्ष झाले. म्हणजे स्थानिक पदांपैकी बरीचशी त्यांनी खासदारकीनंतर मिळवली. 1977 मध्ये ते पॅरिसचे महापौर झाले आणि 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत त्या पदावर राहिले, तर खासदारकी कोरेझचीच चालू ठेवली.

पुढे फ्रांस्वा ओलांद यांनी हीच वाट त्याच देपार्तमाँमध्ये चोखाळली. रुआँ शहरात जन्मलेले, तेही एनाचे, ओलांद 1981 मध्ये शिराक यांच्याविरुद्ध उभे राहून पडले, मग उसेलच्या नगरपरिषदेवर गेले, 1988 मध्ये खासदार, 2001 मध्ये त्युलचे महापौर आणि 2008 मध्ये जनरल कौन्सिलचे अध्यक्ष झाले. अडीच लाखांच्याही आतल्या लोकसंख्येच्या या ग्रामीण देपार्तमाँमधून बाहेरून आलेली दोन माणसे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेली, याचा अर्थ त्या मातीत काही विशेष गुण होता असा नाही. अर्थ इतकाच की, पॅरिसच्या कार्यालयात तयार झालेल्या माणसाला निवडणुकीच्या राजकारणात टिकण्यासाठी पक्षश्रेष्ठींच्या मर्जीबाहेरचा एखादा आधार लागतो आणि फ्रान्समध्ये तो आधार स्थानिक सत्तेतूनच मिळत असे.

4. विकेंद्रीकरणाने पदसंचय का संपला नाही

प्रथा केंद्रीकरणातून आली असेल, तर विकेंद्रीकरणाने ती आपोआप ओसरायला हवी होती. 2 मार्च 1982 च्या कायद्याने प्रीफेक्टची पूर्वदेखरेख काढली, देपार्तमाँची कार्यकारी सत्ता जनरल कौन्सिलच्या निवडलेल्या अध्यक्षाकडे दिली आणि प्रदेशांना पूर्ण स्थानिक संस्थांचा दर्जा दिला. हा कायदा आणणारे गृहमंत्री गास्तों दफेर 1953 पासून मार्सेयचे महापौर होते आणि मंत्रिपदावर असतानाही राहिले. त्यांचे पंतप्रधान पिएर मोरवा लीलचे महापौर होते आणि 2001 पर्यंत राहिले. महापौरांनीच लिहिलेल्या या सुधारणेने महापौरांना मोकळे केले, पण त्यांना संसदेपासून दूर केले नाही. त्याच वर्षी आलेल्या नगरपालिका निवडणुकीच्या नव्या पद्धतीत पहिल्या आलेल्या यादीला निम्म्या जागा बक्षीस मिळून उरलेल्या जागा प्रमाणानुसार वाटल्या जात असल्यामुळे यादीचा प्रमुख परिषदेवर निर्विवाद वर्चस्व घेऊनच महापौर होऊ लागला. पूर्वी वजन मिळवण्यासाठी महापौर संसदेत जात असे. आता मुळातच वजनदार झालेला महापौर संसदेची जागाही सहज जिंकू लागला. कारण बदलले, परिणाम तोच राहिला, आणि 2012 च्या सुमारास दर पाच खासदारांपैकी सुमारे चार जणांकडे आणखी एखादे स्थानिक पद होते.

5. 2014 चा कायदा

फ्रांस्वा ओलांद यांनी 2012 च्या निवडणुकीत पदसंचय संपवण्याचे आश्वासन दिले आणि एरो यांच्या सरकारने ते पाळले. एरो स्वतः पंतप्रधान होताच महापौरपदावरून पायउतार झाले, कारण मंत्र्यांनी स्थानिक कार्यकारी पद सोडावे असा नव्या सरकारचा दंडक होता. सिनेटचा विरोध मोडून नॅशनल असेंब्लीने जानेवारी 2014 मध्ये विधेयक अंतिमतः मंजूर केले आणि 14 फेब्रुवारीला ते कायदा झाले. खासदार किंवा सिनेट सदस्य यांना यापुढे महापौर, उपमहापौर, देपार्तमाँ किंवा प्रदेश यांच्या मंडळाचे अध्यक्ष वा उपाध्यक्ष आणि आता महानगर संस्थांचेही अध्यक्ष होता येणार नव्हते. साधे नगरपरिषद सदस्यत्व मात्र चालणार होते. अंमलबजावणी 2017 पासून झाली. 26 वर्षे खासदार आणि त्यांतील 23 वर्षे नाँतचा महापौर राहिलेल्या माणसाच्या सरकारने हा कायदा करावा, यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. जुन्या व्यवस्थेत ज्याने सर्व काही मिळवले, त्याला तिचे दोषही इतरांपेक्षा जवळून दिसलेले असू शकतात.

दोष होतेच आणि ते किरकोळ नव्हते. सर्वांत गंभीर दोष स्थानिक साधने राष्ट्रीय महत्त्वाकांक्षेसाठी वापरण्याचा होता. पॅरिस महापालिकेच्या पगारावर पक्षाची माणसे पोसल्याच्या प्रकरणांत आलाँ ज्युपे, जे पॅरिसचे अर्थविषयक उपमहापौर आणि पुढे पंतप्रधान होते, 2004 मध्ये दोषी ठरले. खुद्द शिराक यांना डिसेंबर 2011 मध्ये, राष्ट्राध्यक्षपद सोडल्यानंतर, दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. ही उदाहरणे पदसंचयाच्या समर्थकांना टाळता येण्यासारखी नाहीत. दोन सत्तांची किल्ली एकाच माणसाकडे असली की त्याच्यावर नजर ठेवणारे हात कमी होतात आणि त्याला आव्हान देऊ पाहणारा नवखा निवडणुकीपूर्वीच थकतो.

6. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप अनुपस्थितीचा. महापौर असलेला खासदार आठवड्यातील बहुतेक दिवस आपल्या शहरात असे, सभागृह ओस पडे आणि संसद दुबळी होई, असे म्हटले जाते. निरीक्षण बरोबर आहे, पण कार्यकारणाचा क्रम उलटा लावलेला आहे. 1958 च्या राज्यघटनेने संसदेला जाणीवपूर्वक आखडले: कामकाजाचा क्रम दीर्घकाळ सरकारच ठरवत आले आणि कलम 49.3 अन्वये अविश्वास ठराव मंजूर झाला नाही तर विधेयक मतदानाशिवायच संमत होते. जिथे हाताला काम कमी तिथून माणूस काम असलेल्या ठिकाणी जातो. महापौरपदाच्या ओझ्यातून मोकळ्या झालेल्या 2017 च्या असेंब्लीने सरकारला अधिक रोखल्याचे दिसत नाही. 2022 नंतर एलिझाबेथ बोर्न यांच्या सरकारने तर कलम 49.3 एकूण 23 वेळा वापरले आणि 2023 ची निवृत्तिवेतन सुधारणाही त्याच मार्गाने झाली. त्या काळात संसदेला जे बळ आले ते कोणालाच बहुमत न मिळाल्यामुळे आले.

दुसरा आक्षेप नव्या माणसांचा, विशेषतः स्त्रियांचा. महापौरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण 2014 मध्ये सुमारे 16 टक्के होते. असे असताना महापौरांनीच संसद भरली तर स्त्रिया बाहेर राहणार, हा युक्तिवाद वजनदार आहे. 2012 मध्ये असेंब्लीत 155 स्त्रिया होत्या, 2017 मध्ये 224 झाल्या. मात्र हे श्रेय एकट्या कायद्याचे नाही. त्या वर्षी इमॅन्युएल मॅक्राँ यांच्या नवजात पक्षाने मोठ्या संख्येने कोरे उमेदवार उभे केले आणि सभागृहाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग नवा आला. पुढील निवडणुकांत स्त्रियांची संख्या 215 आणि मग 208 अशी घसरली, कायदा मात्र तोच होता. जागा रिकामी करणे हे कायद्याचे काम. ती कोण भरतो हे पक्ष ठरवतात, आणि येथेच या सुधारणेचा अनपेक्षित परिणाम दिसतो. स्वतःचे शहर पाठीशी असलेला खासदार पक्षाला नकार देऊ शकत होता, कारण उमेदवारी गेली तरी त्याची सत्ता उरत असे. उमेदवारीशिवाय काहीच नसलेल्या खासदाराला ते स्वातंत्र्य नाही.

तिसरा आक्षेप तुलनेचा. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये अशी प्रथा व्यापक प्रमाणात नाही आणि तेथील लोकशाहीचे काही अडलेले नाही, मग फ्रान्सलाच तिची गरज का? जर्मनीत घटक राज्यांची सरकारे बुंडेसराट या सभागृहातून संघीय कायद्यांच्या निर्मितीत थेट भाग घेतात, म्हणजे प्रदेशाचा आवाज केंद्रात नेण्याचे काम संस्थेकडे सोपवलेले आहे. फ्रान्समध्ये ते काम व्यक्ती करत होत्या. व्यक्तींना दूर करायचे तर संस्था उभी करायला हवी होती. सिनेट ही ती संस्था, असे उत्तर दिले जाते; परंतु याच कायद्याने सिनेटच्या सदस्यांनाही कार्यकारी स्थानिक पदांपासून तोडले आणि अंतिम शब्द असेंब्लीचाच राहत असल्यामुळे सिनेटला बुंडेसराटसारखा नकाराधिकारही नाही.

7. पोकळी

या पोकळीचे परिणाम लवकरच दिसू लागले. 2017 मध्येच खासदारांनी आपल्या मतदारसंघातील कामांसाठी सुचवायचा निधी, जो भारतातील खासदार निधीशी काहीसा मिळताजुळता होता, रद्द झाला आणि लहान कम्यूनच्या महापौराला खासदाराशी जोडणारा आणखी एक धागा तुटला. जुलै 2018 मध्ये ग्रामीण दुपदरी रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटरवर आणली गेली, त्यामागोमाग इंधनकराचा वाद आला आणि नोव्हेंबरमध्ये पिवळ्या जाकिटांचे आंदोलन उसळले. महापौर-खासदार असते तर हे आंदोलन झालेच नसते, असे म्हणणे पुराव्यापलीकडचे ठरेल; गाडीवाचून ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा लोकांचा तो संताप दीर्घकाळ साठलेला होता. परंतु तो संताप सरकारी पक्षाच्या खासदारांपर्यंत आधी पोहोचला नाही, एवढे निश्चित, आणि तो ऐकण्यासाठी राष्ट्राध्यक्ष कोणाकडे गेले हेही लक्षणीय आहे. जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय चर्चेचा आरंभ मॅक्राँ यांनी नॉर्मंडीतील एका छोट्या गावी सुमारे 600 महापौरांसमोर कित्येक तास बसून केला, तर नागरिकांच्या तक्रारींच्या वह्या नगरपालिकांच्या कार्यालयांत ठेवल्या गेल्या. संसदेत भक्कम बहुमत असलेल्या राष्ट्राध्यक्षाला देशाशी बोलण्यासाठी महापौर शोधावे लागले.

पुढाऱ्यांनी केलेल्या निवडी तर याहून बोलक्या आहेत. सिनेट सदस्य आणि त्रुआचे महापौर असलेले फ्रांस्वा बारुआँ यांनी 2017 मध्ये सिनेट सोडली आणि शहर ठेवले. जेरार कोलों यांनी ऑक्टोबर 2018 मध्ये देशाचे गृहमंत्रिपद सोडले, ते लियोंचे महापौरपद परत घेण्यासाठी. एदुआर फिलिप पंतप्रधान असतानाच 2020 मध्ये ल आव्रच्या नगरपालिका निवडणुकीत यादीचे प्रमुख होते आणि पंतप्रधानपद सोडताच तेथे महापौर म्हणून परतले. डिसेंबर 2024 मध्ये पंतप्रधान झालेले फ्रांस्वा बायरू यांनी पो शहराचे महापौरपद सोडण्यास नकार दिला; कायदा खासदारांना बांधतो, मंत्र्यांना नाही. मायोत बेट चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेले असताना ते नगरपरिषदेच्या बैठकीसाठी पो येथे गेले, त्यावर झालेली टीका योग्यच होती, परंतु त्यांनी त्याच सुमारास पदसंचयाची चर्चा पुन्हा उघडण्याची मागणी केली तिच्यात व्यक्तिगत सोयीपलीकडेही काही होते. लहान कम्यूनच्या महापौरांपुरती सूट देणारे विधेयक सिनेटने 2021 मध्ये संमत केले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. सूट द्यायचीच तर ती याच टोकाकडून देणे शहाणपणाचे ठरेल, कारण पॅरिसच्या तिजोरीने जे केले ते काही शे वस्तीच्या गावाच्या तिजोरीला करता येत नाही. मोठ्या शहरांच्या महापौरांना बंदीतून मोकळे करण्याचे कारण मात्र उरलेले नाही.

एरो यांची वाट आज कायद्याने बंद आहे. 1989 मध्ये ते जे करू शकले, म्हणजे खासदारकी राखून नाँत जिंकणे आणि दोन्ही चालवणे, ते आता कोणाला करता येत नाही. निवड करावीच लागते, आणि मोठ्या शहराचा महापौर ती कोणत्या बाजूने करेल हे वरील उदाहरणांवरून उघड आहे. 2014 मध्ये नाँतच्या महापौर झालेल्या जोआना रोलाँ समाजवादी पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वात वरच्या स्थानी पोहोचल्या, 2020 मध्ये त्यांनी शहर पुन्हा जिंकले, परंतु त्या काळात संसदेची निवडणूक त्यांनी लढवली नाही.